उंबऱ्यावरचा दिवा: छोटं दुकान, रस्ता आणि वारा

मागच्या वेळी आपण 'अवकाश' या कल्पनेवर बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, या सगळ्याचा दुकान बांधणाऱ्या माणसाला काय उपयोग? प्रश्न जरा खोचक होता, पण रास्त होता. आज त्यावरच बोलू.

संस्कृतात 'देहलीदीपन्याय' म्हणून एक न्याय आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. वाक्यातला एकच शब्द मागच्या आणि पुढच्या, दोन्ही भागांना लागू पडला, की पंडित मंडळी हा दाखला देतात. आपण तो दाखला व्याकरणातून उचलून पुन्हा खऱ्या उंबऱ्यावर ठेवून बघू.

आजचं छोटं दुकान कसं असतं? दहा-बारा फुटांचं तोंड, वरपासून खालपर्यंत काच, आत एसी. दुपारी पश्चिमेचं ऊन काचेतून आत शिरतं, मग एसी आणखी वाढवायचा. आता एसी थंडी 'तयार' करत नाही, हे लक्षात घ्या. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, वर स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळतो. ती जाते कुठे? फुटपाथवरून चालणाऱ्याच्या आणि शेजारी हातगाडी लावलेल्या केळीवाल्याच्या अंगावर. म्हणजे आतल्या गिऱ्हाइकाच्या गारव्याची किंमत बाहेरचा माणूस मोजतो, आणि त्याला कोणी विचारलेलंही नसतं. नीतिशास्त्राच्या वर्गात आपण मोठमोठी उदाहरणं घेतो, हे मात्र रोज डोळ्यांसमोर असून सुटतं. आणि दारात दोन कुंड्या ठेवल्या की निसर्गाशी नातं जुळलं म्हणायचं!

याच्या उलट एक इमारत आहे तिरुवनंतपुरमला. तंपानूर भागात, रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडच्या गजबजाटात, इंडियन कॉफी हाऊस. वास्तुकार लॉरी बेकर. हे गृहस्थ बर्मिंगहॅमचे, जन्म 1917 चा. 1940 च्या दशकात मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. पुढे ते केरळात स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि 2007 मध्ये तिथंच वारले.

जागा लहान, वर्दळ प्रचंड. बेकरनी मजल्यावर मजला न चढवता एक गोल, लाल विटांचा मनोरा उभा केला. आत जिना नाही. रस्त्यावरून आत शिरलेली वाटच गोल गोल फिरत वर जाते. बाहेरच्या भिंतीला लागून टेबलं आणि बाकं, तीही बांधून काढलेली. भिंतीत विटांच्या मधे जागा सोडून केलेली जाळी. तिच्यातून ऊन थेट न येता तुकड्या-तुकड्यांनी येतं, वारा येतो, आणि तापलेली हवा वर चढून बाहेर पडते. मधल्या पोकळ गाभ्याचीही त्याला मदत होते. आत बसून कॉफी घेताना रस्ता ऐकू येतो, पाऊस आला तर त्याचा वास येतो. हे कॉफी हाऊस कामगारांच्या सहकारी संस्थेचं आहे. कॉफी बोर्डानं आपली दुकानं बंद केल्यावर नोकरी गेलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं अशा संस्था उभ्या केल्या. म्हणजे हा धंदाच आहे, दानधर्म नव्हे, हे आपण विसरू नये.

इथे हायडेगर आठवतात. (त्यांच्या राजकारणाबद्दल आपण पूर्वी जे कडक बोललो, ते मागे घेत नाही.) 1951 साली डार्मश्टाट इथे बांधणं आणि वसणं यावर त्यांनी व्याख्यान दिलं. त्यात ग्रीकांच्या आधारे ते म्हणतात की सीमा म्हणजे वस्तू जिथे संपते ती रेघ नव्हे. तिथूनच वस्तू असायला लागते. काचेची दर्शनी भिंत ही संपण्याची रेघ आहे. पैसे असतील तर आत या, नाहीतर पुढे चला. बेकरांची जाळी ही सुरू होण्याची रेघ आहे. आपल्याकडे हे काम ओट्यानं केलं. दुकानाच्या ओट्यावर टेकलेल्या माणसाला 'काय हवंय?' असं लगेच कोणी विचारत नसे. तो गिऱ्हाईक होता की वाटसरू, हे ठरलेलंच नसायचं. आता त्याच पायरीवर कोणी बसू नये म्हणून लोखंडी खिळे ठोकलेले दिसतात.

एक आक्षेप घेऊ, कारण तो खरा आहे. कॉफी हाऊसचा चढ बघायला सुंदर, पण हातात ट्रे घेऊन दिवसभर चढउतार करणाऱ्या वाढप्यांच्या गुडघ्यांचं काय? चाकाच्या खुर्चीवरच्या माणसानं तिरप्या जमिनीवर थांबायचं कुठे? बेकरांचं कौतुक करताना हे गिळून टाकणं बरं नाही.

दुसरा आक्षेप दुकानदाराचा. दहा फूट रुंद, तीस फूट खोल गाळा म्हणजे तीनशे चौरस फूट. समोर अडीच फुटांचा ओटा सोडला की पंचवीस चौरस फूट गेले, म्हणजे बारावा हिस्सा. भाडं तर पूर्ण भरायचं. हा हिस्सा एकट्या दुकानदारानं सोडावा असं आपण म्हणणार असू, तर तो उपदेश फुकटचा आहे. लोकांसाठी मोकळ्या ठेवलेल्या ओट्यावर कर आणि भाडं लावू नये, आणि त्या बदल्यात तो ओटा माल मांडून अडवू नये, असा करार महापालिका, घरमालक आणि दुकानदार यांच्यात व्हायला हवा.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. दुकान दक्षिणेला तोंड करून असेल तर उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, म्हणून लहानसं छज्जंही पुरतं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, तिथे छज्जं हरतं. तिथे जाळी करा, किंवा करंज लावा. जुनी पानं झडून ऐन उन्हाळ्यात त्याला दाट नवी पालवी असते. खोडाभोवतीची माती मात्र फरशीनं बुजवू नका. आणि ओटा दीड फुटाहून उंच नको, आमच्या वयाच्या माणसांना टेकता येत नाही.

हं, मागे कोणाचा तरी हात वर होता. विचारा.