झोप आली की ट्रॅक्टर थांबवा

सभासद बंधूंनो,

गळीत हंगामात ऊस वाहतूक रात्रंदिवस चालते. ट्रॅक्टर बहुतेक आपल्याच सभासदांचे आणि चालवणारी पोरंही आपल्याच घरची. म्हणून आज खतपाण्याऐवजी ड्रायव्हरच्या झोपेविषयी लिहीत आहोत.

गेल्या हंगामात पहाटे चारच्या सुमारास फडाकडे जाताना कालव्याच्या कडेला दोन रिकाम्या ट्रॉल्या तिरक्या उभ्या दिसल्या. ट्रॅक्टरचे पुढचे चाक भरावाखाली उतरलेले. नशिबाने पोरगा धड होता. "साहेब, डोळा कधी लागला कळलंच नाही," एवढंच म्हणाला. आदल्या दिवशी सकाळी सहाला तो फडावर गेला होता. मालक म्हणाले, "रात्रभर नंबरात बसूनच तर होता!" बंधूंनो, नंबरात ताटकळणे म्हणजे झोप नव्हे.

सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हातपाय दारू प्यालेल्यासारखेच मंद चालतात. त्यातही रात्री २ ते पहाटे ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळी शरीरच झोप मागते. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेला ट्रॅक्टर तीन सेकंदांच्या डुलकीत सुमारे ५५ फूट पुढे जातो. कालव्याच्या रस्त्याला एवढी कड कुठे असते?

वारंवार जांभई येणे, डोळे चुरचुरणे, मागचा रस्ता कसा आला ते न आठवणे, ही खूण ओळखा. टेप मोठा लावून किंवा तोंडावर पाणी मारून झोप जात नाही, घटकाभर लांबते एवढेच. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, चहा घ्यावा आणि वीस मिनिटे पडावे. चहाचा असर व्हायलाही तेवढाच वेळ लागतो. पण ही तात्पुरती सोय झाली. खरा उपाय सात-आठ तासांची झोपच.

मालकांनी रात्रीच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर द्यावा. खेपेमागे पैसे देता, म्हणून पोरगं झोप मोडून खेप ओढतं, हेही ध्यानात घ्यावे. यार्डात ट्रॉलीखाली किंवा चाकाशेजारी कोणीही झोपू नये. नंबर जाईल या भीतीने पोरं जागतात. म्हणून गाडी बाजूला लावून झोपणाऱ्याचा नंबर राखून ठेवावा, असे आम्ही यार्डावर सांगितले आहे. तसे न झाल्यास गट ऑफिसात कळवावे.

ऊस एक दिवस उशिरा आला तर वजनात थोडी घट येईल. ती सोसता येते.

— ऊस विकास अधिकारी