नातवाच्या पडद्याशेजारी आपली खुर्ची

तिसरीतला नातू ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह सांगतो, आरत्या त्याला तोंडपाठ आहेत. परंतु पुस्तक उघडताच 'कमळ'चे 'मकळ' होते. घरात 'आळशी' हा शब्द उच्चारला जात असेल, तर तो आजच थांबवावा. डोळे व कान निर्दोष असतील, तर डिस्लेक्सियाचा विचार करावा लागतो.

ही बुद्धीची उणीव नव्हे. 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरते? 'काल'मधल्या 'क्'च्या जागी 'म्' आला तर? 'पाट' आणि 'माल' ही उत्तरे आपल्याला विनासायास सुचतात. अशी बरीच मुले नेमकी येथेच अडखळतात. त्यातून आपली पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, ऐकू येते मात्र नंतर!

ध्वनींची ही जाण संगणकावरील खेळांतून वाढवण्याचे प्रयत्न झाले आहेत. फिनलंडच्या युवास्क्यूला विद्यापीठात 'ग्राफोगेम' तयार झाला. त्यात मूल ध्वनी ऐकते व त्याचे अक्षर निवडते. त्यावरील अभ्यासांचा २०२० मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा शब्दवाचनात सरासरीने लाभ आढळला नाही. जेथे मोठी माणसे मुलांच्या खेळात मनापासून सहभागी होती, तेथे मात्र तो दिसला. म्हणूनच महागडा कार्यक्रम विकत घेऊन मुलाला टॅबलेटसह खोलीत एकटे बसवणे मला पटत नाही.

आई-वडील हिंजवडीहून रात्री परततात; दुपार आपल्या हाती असते. पंधरा मिनिटे शेजारी बसावे. ऐकलेला ध्वनी मुलाला मोठ्याने उच्चारायला सांगावा, चुकल्यास न रागावता पुन्हा ऐकवावा. एक सूचना आपल्यासाठी: वाढत्या वयात 'स', 'श' यांसारखे ध्वनी आधी पुसट होतात, तेव्हा श्रवणयंत्र असल्यास ते लावूनच बसावे. खेळ इंग्रजीतच असेल, तर मराठीसाठी वरच्यासारखी कोडी तोंडी घालावीत. भेंड्यांची सवय येथे कामी येते.

निदान मात्र घरी करू नये. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. शाळेतील समुपदेशकांना तिच्याविषयी विचारावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश असल्याने, रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ मागता येतो. तपासणीला जाताना मुलाच्या दोन-तीन जुन्या वह्या सोबत न्याव्यात. त्यांतली खाडाखोड तज्ज्ञांना फार उपयोगी पडते.