लंगडत नाही, तरी खुबे तपासायचे का?

सोबती : लेखांक १२

गेल्या आठवड्यात मोठ्या जातीच्या पिल्लांचा आहार पाहिला. त्याच पिल्लांच्या खुब्यांचा विचार आज करू. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर यांपैकी कुणी घरात असेल, तर हा लेख जरा सावकाश वाचा.

तपासणी करायची की नाही, हे ठरवताना बहुतेक घरांत एकच गोष्ट पाहिली जाते : कुत्रा लंगडतो का? पण लंगडणं म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकणं. खुब्याचा आजार बहुतेकदा दोन्ही बाजूंना असतो. मग भार टाकायचा कुणावर? असा कुत्रा अंग पुढे झोकून चालतो. हळूहळू छाती-खांदे भरतात आणि मागच्या मांड्या बारीक होत जातात. घरच्यांना ती भारदस्त छातीच दिसते, आणि तो केकाटतही नाही.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या खोबणीत घट्ट बसायला हवं. हिप डिस्प्लेजियात पिल्लू जन्मतं तेव्हा सांधा नीटच असतो, पण वाढीच्या महिन्यांत तो सैल पडतो. डोकं खोबणीत डळमळतं, कूर्चा झिजते, कडेने जादा हाड वाढतं आणि संधिवात सुरू होतो. मूळ आनुवंशिक आहे, पण भरभर वाढलेलं वजन आणि घसरड्या फरशीवरचं बालपण त्यात भर घालतं. त्रास दोन वयांत दिसतो : पाच महिने ते वर्षभराच्या आत, नाहीतर थेट उतारवयात. मधल्या काळात सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, दुखणं दबतं आणि ‘बरा झाला’ असं वाटतं.

म्हणून सकाळी तो उठतो तेव्हा पाहा. निरोगी कुत्रा मागच्या पायांनी रेटा देऊन एका झटक्यात उभा राहतो. खुबा दुखणारा आधी पुढचे पाय रोवतो, अंग वर ओढतो आणि मागचा भाग त्यामागून कसाबसा येतो. टाइल्सवर पाय फाकतात. जिना चढताना किंवा पळताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा उड्या मारतो. गाडीत उडी मारायचा, तो आता दाराशी थांबून तुमच्याकडे पाहतो. यातलं काही दिसलं तर मोबाइलवर चित्रण करा : बाजूने आणि मागून, चालताना आणि दुडक्या चालीत, खरखरीत जमिनीवर. दवाखान्यात भीतीने तो अगदी ठणठणीत असल्यासारखा चालतो.

पिल्लांच्या बाबतीत मात्र लक्षणांची वाट पाहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सोळा आठवड्यांच्या सुमारास, लसीकरणासाठी जाताच तेव्हा, खुब्यांची हाताने तपासणी करायला सांगा. बालरोगतज्ज्ञ नवजात बाळाचे खुबे ज्या ऑर्टोलानी चाचणीने तपासतात, तीच इथेही करतात. पिल्लाला थोडी गुंगी दिली तर ती जास्त विश्वासार्ह ठरते. पेनहिप पद्धतीचा एक्स-रेही याच वयापासून काढता येतो. घाई एवढ्यासाठी, की खोबणीला चांगला आकार यावा म्हणून करतात ती छोटी शस्त्रक्रिया पाच महिन्यांच्या आतच उपयोगी पडते. त्यानंतरचे पर्याय मोठे आणि महागडे आहेत.

वीण घ्यायची असेल, तर तपासणीला पर्याय नाही. अमेरिकेत ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था १९६६ पासून हे काम करते आणि अंतिम दाखला २४ महिन्यांनंतरच देते. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण देतात; बेरीज जितकी कमी, तितके खुबे चांगले. आपल्याकडे पिल्लू विकताना वंशावळीचा कागद दाखवतात. तो जात सांगतो, आई-बापांच्या खुब्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. पिल्लू घेताना त्यांचे एक्स-रे मागाच.

उलट, कुत्रा चार-पाच वर्षांचा आहे, उत्तम पळतो-बसतो आणि वीण घ्यायची नाही, तर केवळ धास्तीपोटी एक्स-रे नको. त्यासाठी भूल द्यावी लागते आणि निष्कर्ष काहीही आला तरी सल्ला तोच राहतो : वजन आटोक्यात ठेवा. हा सल्ला किरकोळ समजू नका. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉरांवर आयुष्यभर अभ्यास झाला. जोडीदार भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणाऱ्यांना संधिवात उशिरा झाला आणि ते सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले.

मागचा पाय अडला म्हणजे खुबाच, असंही नाही. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, गोचीडतापाने सांधे धरले, पाठीचा मणका दाबला गेला, तरी चाल बिघडते. म्हातारा जर्मन शेफर्ड नखं घासत चालतो पण दुखल्याचं चिन्ह नाही, तर मज्जारज्जूचा आजार तपासायला हवा. एक विनंती कळकळीने करते : घरातली आयबुप्रोफेनची गोळी त्याला देऊ नका. जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

एक्स-रे काढायचं ठरलंच, तर तो गुंगीत किंवा भूल देऊनच काढतील का, हे आधी विचारून घ्या. जागेपणी स्नायू आवळलेले असतात आणि सैल सांधाही घट्ट दिसतो. एक्स-रे जपून ठेवा. दोन वर्षांनी तुलनेला तोच लागेल. पुढच्या आठवड्यात गोचीडतापाविषयी.