नाकाच्या शेंड्यावरचा फोड

गेल्या महिन्यात शेजारच्या आजी दवाखान्यात आल्या तेव्हा आठवडा उलटून गेला होता. अर्धं कपाळ फोडांनी भरलेलं, पापणी सुजून बंद. दुकानातून त्यांना डोळे आल्याचे थेंब मिळाले होते. कुणा डॉक्टरने मोबाइलवर फोटो पाहून ॲलर्जी म्हटलं होतं. ही नागीण होती. फार वाईट वाटलं, कारण ती ओळखायला यंत्र लागत नाही.

लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८६० च्या दशकातच लिहून ठेवलंय: नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड दिसले की डोळा धोक्यात आहे असं समजा. दोन्हीकडे जाणारी नस एकच. पुढची शंभरेक वर्षं निदान होई, उपाय नसे. १९८० च्या दशकात ॲसायक्लोव्हिर आलं.

नव्वदचं दशक मात्र मी तालुक्याच्या गावी काढलं. गोळ्या महाग, दिवसातून पाच वेळा घ्यायच्या, त्याही शहरातून मागवाव्या लागत. फोड आल्यापासून ७२ तासांत त्या सुरू व्हायला हव्यात, आणि नेमके तेच दिवस काव लावण्यात, भगताकडे उतरवण्यात जात. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती घराघरांत. प्रत्यक्षात चेहऱ्यावरची नागीण कपाळाच्या मध्यावर आखल्यासारखी थांबते. त्याच वर्षांत पंचविशी-तिशीतले ट्रक ड्रायव्हर अशी नागीण घेऊन येऊ लागले. एवढ्या तरुण वयात नागीण म्हणजे एचआयव्हीची शंका; पण चाचणी सुचवली की काही जण परत फिरकतच नसत.

आमचे वरिष्ठ डॉक्टर रुग्णाला खिडकीशी बसवत. केस बाजूला करून टाळू बघत, भुवया चाचपत, विचारत, "फोड यायच्या आधी कंगवा फिरवताना दुखत होतं का?" मग कापसाची बारीक वात बुबुळाला टेकवत. पापणी मिटली नाही की त्यांचा चेहरा गंभीर होई. बुबुळाची संवेदना गेली की जखम होते, फूल पडतं, आणि रुग्ण म्हणत राहतो, "आता दुखत नाही." नाकावर फोड नसला तरी ते डोळा तपासल्याशिवाय सोडत नसत. तसं बघणं आता दुर्मिळ झालं.

पन्नाशीपुढच्यांसाठी चांगली लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस घ्यावे लागतात. किंमत ऐकून लोक "बघू" म्हणतात. नातवाच्या लशीला कर्ज काढणारं घर आजीच्या लशीला पैसे काढत नाही, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत द्यावी असं अजून कुणाला वाटलेलं नाही.