संगणकाची रोजनिशी

दिवसभर संगणकापुढे बसलेल्या माणसाला, आजचा वेळ कोणत्या कामी लागला असे संध्याकाळी विचारले, तर त्याचे उत्तर बहुधा चुकते. मोठी कामे स्मरणात राहतात. मधली पाच-पाच मिनिटांची उठाठेव राहत नाही. म्हणून कोणती आज्ञावली किती वेळ वापरली याची नोंद संगणकाकडूनच ठेवून घेण्याची पद्धत रूढ झाली आहे.

या नोंदीचे तत्त्व साधे आहे. पडद्यावर कितीही खिडक्या उघड्या असोत, कळफलकावरची अक्षरे एका वेळी एकीलाच पोहोचतात. ती कोणती, हे कार्यप्रणालीला ठाऊक असतेच. नोंद ठेवणारी आज्ञावली ठरावीक सेकंदांनी तिला तेवढेच विचारते आणि उत्तर, खिडकीचा मथळा व वेळ टिपून ठेवते. विंडोजमध्ये तर ‘युजरअसिस्ट’ या नावाखाली, कोणती आज्ञावली कितीदा उघडली याची मोजदाद कोणी न मागताच होत असते. तीतील नावांची रोमन अक्षरे १३ घरे पुढे सरकवून लिहिलेली असतात. शाळकरी मुलांच्या सांकेतिक भाषेहून हे कुलूप काही फार मजबूत नव्हे!

मथळ्याची नोंद विशेष नाजूक असते. त्यात कधी पत्राचा विषय असतो, कधी एखाद्या आजाराचे नाव. ‘ॲक्टिव्हिटीवॉच’ या मुक्त आज्ञावलीची वही आपल्याच संगणकात राहते. परंतु मालकाने बसविलेल्या आज्ञावलीची वही मालकाच्या हाती पडते.

खरी अडचण पुढेच आहे. माणूस जागेवर आहे की नाही, हे यंत्र केवळ कळफलक व माउस यांच्या हालचालीवरून ठरवते. ॲक्टिव्हिटीवॉचमध्ये ३ मिनिटे हालचाल झाली नाही की माणूस गैरहजर समजला जातो. आता म्हैसूरचे उदाहरण घेऊ. तेथील मानसगंगोत्री परिसरात १९६९ साली स्थापन झालेले केंद्रीय भारतीय भाषा संस्थान आहे, आणि राष्ट्रीय अनुवाद मिशनचे कार्यही तेथूनच चालते. अशा ठिकाणचा अनुवादक एका शब्दासाठी मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती उघडून पाव तास पाने चाळू लागला, तर त्याच्या कामाचा हा सर्वांत मोलाचा पाव तास ‘गैरहजर’ म्हणून लिहिला जाईल. शेजारी नुसता माउस हलवीत बसलेला मनुष्य मात्र उद्योगी ठरेल. वेतन किंवा बढती अशा आकड्यांवर ठरू लागली, तर कोश कपाटातच राहतील.

ही मर्यादा वाढवता येते. प्रस्तुत अनुवादकाने ती १५ मिनिटांवर नेऊन पाहिली. कोश हिशेबात आला. पण त्याबरोबर चहाही आला.