दाबलं की घट्ट, सोडलं की गळकं

आतून झाकण बसणारा कुकर गॅसवर चढवला, की पहिली दोन मिनिटं झाकणाच्या कडेने वाफेची फुसफुस चालते, थेंबही ओघळतात. मग आत वाफ कोंडते, झाकणाला वरच्या कडेवर दाबते आणि गळती आपोआप थांबते. जी वाफ बाहेर पडायला धडपडते, तीच दार लावून घेते!

आता पिंपरीतल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये या. कव्हरखाली हौसेने नवी करून घेतलेली प्रीमिअर पद्मिनी उभी आहे. हिचा मूळ अवतार १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून रस्त्यावर आला. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ चं. रंग आरशासारखा, क्रोम चकचकीत. पण मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग आहे आणि पेडल स्पंजसारखं खाली जातंय. गाडी तर महिनाभर जागची हललेली नाही. वापरलाच नाही तो ब्रेक गळला कसा?

आधी वापरताना काय होतं ते पाहू. समजा, पायाने ३० किलोचा जोर दिला. पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, म्हणजे १५० किलो. तो पडतो मास्टर सिलिंडरमधल्या जेमतेम १९ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर. हिशेब केला तर दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोंहून जास्त दाब! स्वयंपाकघरातला कुकर साधारण एक किलोवर शिटी देतो. बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये ग्रंथरूपाने छापला गेला. पेडल दाबलं, की हा दाब एकाच क्षणी चारही चाकांशी हजर होतो.

एवढा दाब अडवतं कोण? मास्टर सिलिंडरमध्ये आणि चाकांतल्या छोट्या सिलिंडरांत बसलेला, बोटाच्या पेराएवढा रबरी कप. त्याची कड ओठासारखी पातळ असते आणि तोंड ऑईलच्या बाजूला. दाब आला की ऑईल कपात शिरून हा ओठ सिलिंडरच्या भिंतीवर चेपतं. पाय जितका जोरात, तितका ओठ घट्ट. कुकरचंच झाकण!

पण पाय काढला की ओठाचा आधारही गेला. म्हणून चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक चिमुकला चेक व्हॉल्व्ह बसवत. पेडल सोडल्यावर ब्रेक शूच्या स्प्रिंगा ऑईल मागे ढकलतात. व्हॉल्व्ह ते जाऊ देतो, पण सगळं नाही. पाऊण किलोच्या आसपास दाब उरला की मिटतो. तेवढाच दाब चाकांतल्या कपांचे ओठ रात्रंदिवस भिंतीला टेकवून ठेवतो. या व्हॉल्व्हखाली कचऱ्याचा कण अडकला किंवा त्याचं रबर वाळलं, की दाब ऑईलच्या टाकीत निसटतो, ओठ सैलावतात. त्यांच्या कडेने ऑईल झिरपतं, हवा आत शिरते. म्हणजे बिघाड पुढे बॉनेटखाली आणि डाग मागच्या चाकाला!

त्यात आपला पावसाळा. ‘ब्रेक ऑईल’ हे नावच फसवं आहे. ते तेल नव्हे, ग्लायकॉल जातीचा द्रव आहे आणि हवेतला ओलावा पितो. मुरलेल्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो, खड्डे पडतात. ओठ कितीही दाबला तरी खड्ड्याच्या तळाशी पोहोचत नाही.

म्हणून नुसतं रबराचं किट बदलून भागत नाही. सिलिंडर उजेडाकडे धरून आत बघावं लागतं. हलके ओरखडे होनिंगने, म्हणजे आतून घासून, जातात. खड्डे खोल असतील तर भोसरीच्या एमआयडीसीतल्यासारखा एखादा लेथवाला गाठायचा. तो सिलिंडर मोठा बोअर करून आत पितळेचा स्लीव्ह ठोकतो आणि मूळ मापावर आणतो. पितळाला गंज खात नाही. धुवायचं मात्र ताज्या ब्रेक ऑईलने. पेट्रोल-डिझेल लागलं तर नवा कप फुगून वाया जातो. आणि हेच ऑईल रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, म्हणून पाण्याची बाटली हाताशी हवी.

शेवटी हवा काढणं. एक जण पेडलवर, एक जण चाकामागच्या निपलपाशी. “दाब, दाब, दाब… धर!” निपल सैल, बुडबुडे बाहेर, निपल बंद, मगच “सोड!” हवा चेपते, ऑईल चेपत नाही; नळीत बुडबुडा राहिला, तर पायाचा जोर तो चेपण्यातच संपतो.

आज चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मोटारींच्या ब्रेकवर संगणकाची नजर असते. तरीही त्यांच्या मास्टर सिलिंडरमध्ये तसेच ओठवाले रबरी कप बसलेले असतात. आणि पद्मिनीसाठी औषध साधं आहे: दर दोन वर्षांनी ऑईल बदला आणि रविवारी सकाळी, रिकाम्या जागेत ब्रेक तपासून, भक्ती-शक्ती चौकापर्यंत फेरी मारा. प्रत्येक सिग्नलला पेडलवर पाय पडेल आणि ते चिमुकले ओठ पुन्हा भिंतीला टेकतील. कव्हरखाली ती सुविधा नाही.