कर्करोगी मुलाचें ताट

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. बरेच महिने गैरहजर असलेला एक विद्यार्थी वर्गांत परत आला, तेव्हां त्याचे गाल चांगले गोल दिसत होते. "विश्रांति बरीच मानवली म्हणावयाची!" असें आम्ही थट्टेनें बोलून गेलों. मुलगा खालीं मान घालून बसला. शाळा सुटल्यावर त्याच्या मातोश्रींनीं सांगितलें कीं, त्याला रक्ताचा कर्करोग झाला आहे; ती सूज औषधाची असून अंगांत बळ मुळींच नाहीं. त्या दिवशीं आम्हांस जी लाज वाटली, तिचेंच फळ म्हणजे हा लेख होय.

लहान मुलांच्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. वेळेवर व पुरते उपचार मिळाल्यास पुष्कळ मुलें पूर्ण बरीं होतात. परंतु हे उपचार केव्हां केव्हां दोन-तीन वर्षें चालतात. कर्कपेशी झपाट्यानें वाढतात, म्हणून अशा वेगानें वाढणाऱ्या पेशींवर घाला घालणारीं औषधें दिलीं जातात. तोंडाच्या व आंतड्याच्या अस्तरांतील निरोगी पेशीही वेगानेंच वाढत असल्यामुळें त्याही ह्या तडाख्यांत सांपडतात. मग तोंड येतें, मळमळतें, चव जाते, व आवडता पदार्थही मूल दूर लोटतें. पोटांत अन्न गेलें नाहीं, तर शरीर आपलेच स्नायू जाळूं लागतें, जंतूंचें फावतें, आणि औषधाची पुढील मात्रा लांबणीवर टाकावी लागते. तात्पर्य, येथें अन्न हेंही उपचाराचेंच एक अंग आहे.

वजनाचा कांटा मात्र जपून वाचावा लागतो. ह्या रोगांत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड औषधांनीं भूक विलक्षण वाढते, अंगांत पाणी व चरबी सांचते, चेहरा गोल होतो. पण त्याच वेळीं हातापायांचे स्नायू झिजत असतात. पोटांत मोठी गांठ असलेल्या मुलाच्या वजनांत तर त्या गांठीचेंही वजन मिसळलेलें असतें. म्हणून आहारतज्ज्ञ वजन व उंची ह्यांबरोबर दंडाचा घेरही फितीनें मोजतात. सहा महिने ते पांच वर्षें ह्या वयांत तो ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर तें तीव्र कुपोषण समजतात. स्टेरॉइडच्या दिवसांत मुलाला उपाशी ठेवूं नये. मात्र ती भूक तळलेल्या, खारट व गोड पदार्थांनीं न भागवितां डाळ, भाजी व अंडें ह्यांनीं भागवावी.

भरलें ताट पाहूनच ज्याला शिसारी येते, त्याला दर दोन-अडीच तासांनीं चार घांस द्यावे. तोंड आलें असतां ज्वारीची भाकरी दुधांत कुसकरून द्यावी, किंवा मुगाची मऊ खिचडी तूप घालून, कोमट करून द्यावी. तिखट व आंबट वर्ज्य करावें. थोड्या घांसांत अधिक बळ मिळावें म्हणून पेजेंत दाण्याचें बारीक कूट किंवा दुधाची भुकटी मिसळावी. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें असतात. तें पूर्ण उकडलेलें असावें. दूध उकळलेलें, अन्न ताजें शिजविलेलें व हात साबणानें धुतलेले असावे. कारण रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्या असतां उघड्यावरची भेळ किंवा उसाचा रसही जिवावर बेतूं शकतो. गिळवतच नसेल, तर डॉक्टर नाकांतून जठरापर्यंत बारीक नळी घालून पातळ अन्न देतात. ती पाहून आईबापांनीं घाबरूं नये. साखर तोडली कीं रोग उपाशी मरतो, हा समज खोटा आहे; उपाशी राहतें तें मूल.

मराठवाड्यांतील कुटुंबांना ह्या रोगासाठीं बहुधा मुंबईची वाट धरावी लागे. तेथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. परंतु परक्या शहरांत चूल नसेल, तर औषध मिळूनही मुलाचे हाल होतात. हें ओळखून सेंट ज्यूड ह्या संस्थेनें २००६ पासून अशा कुटुंबांच्या राहण्याची व स्वतः रांधण्याची सोय केली आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरांतही, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय चालूं आहे. पालकांनीं तेथें औषधाबरोबर आहाराचाही सल्ला आग्रहानें विचारावा, व घरगुती काढे-चूर्णें डॉक्टरांना सांगितल्यावांचून देऊं नयेत.

विद्यार्थिमित्रहो, हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं. तेव्हां अशा सोबत्याच्या शेजारीं खुशाल बसा. मात्र तुम्हांस सर्दी-खोकला असेल, तर त्याच्या भल्यासाठीं थोडे दूर राहा. त्याला बाहेरचा खाऊ देऊं नका, आणि त्याच्या चेहऱ्याविषयीं बोलूं नका. त्या मुलाला आम्हीं पुढें तास चालूं असतांनाही डबा उघडण्याची मोकळीक दिली. पहिले कांहीं दिवस मुलें वळून पाहत. मग तीं आपल्या धड्याकडे पाहूं लागलीं, आणि तो निवांतपणें आपले चार घांस खाऊं लागला.